‘के’ म्हणजे किती दिवस?

गेल्या मार्चमधला दुसरा रविवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. रक्कम अडीच रुपये, म्हणजे एका आंतरदेशीय पत्राची किंमत. हजर तिघे: नाना, त्यांच्या पत्नी अक्का आणि मी. जागा, जळगावातल्या आमच्या कॉलनीत नानांच्या घराचा ओटा. त्या दिवशी तिथे मी एका कागदावर न वाचता सही केली. हिशेब विभागात मला सत्तावीस वर्षं झाली. न वाचता सही केल्याचा हा पहिलाच प्रसंग.

मी नानांचं विजेचं बिल तपासायला गेलो होतो. तेवढ्यात फोनवर धुळ्याहून धाकट्या भावाचा मेसेज आला. आम्ही दोघे भाऊ फोनवर इंग्रजीत लिहितो, कारण मराठी टाइप करायला आम्हाला जमत नाही. इंग्रजीही बेताचंच येतं, म्हणून आखूड लिहितो. ‘टू’च्या जागी दोनचा आकडा, ‘फॉर’च्या जागी चारचा, ‘प्लीज’ची तीन अक्षरं. मजकूर एवढाच की आई तुझ्याकडे यायचं म्हणते, काही दिवस, कळव. मी ‘के’ एवढं एक अक्षर पाठवलं आणि पुन्हा बिल हातात घेतलं.

“कोणाचा?” नानांनी विचारलं.

मी सांगितलं.

“उत्तर काय गेलं?”

“के.”

“पुढे?”

“पुढे काही नाही. के म्हणजे ओके.”

“ओके म्हणजे?”

“म्हणजे येऊ दे म्हणून.”

“किती दिवस? आणायला कोण जाणार? खालच्या खोलीत ठेवणार की वरच्या? त्यांना जिना चढवतो का?”

“नाना, ते नंतर बघू ना.”

“हिशेबनीस,” नाना म्हणाले, “आईला ‘के’?”

ते मला नेहमी हिशेबनीसच म्हणत. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक आंतरदेशीय पत्र काढलं, भावाचा पत्ता विचारला, मी तो सांगितला. त्यांनी बारीक, जोडून इंग्रजी अक्षरात दहा-बारा ओळी लिहिल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “खाली सही.” मी केली. चष्मा खिशात होता, तो काढलाही नाही. वाद घालण्यापेक्षा सही सोपी वाटली, असं मी पुढे बायकोला सांगितलं. ते खरं कारण आहे की नाही, याची मला खात्री नाही.

नाना आता सुरतेला मुलाकडे असतात, दिवाळीनंतर गेले. त्याआधी ते आमच्या कॉलनीत एकोणीस वर्षं राहिले, आणि एका सरकारी कचेरीत आम्ही अकरा वर्षं एकत्र होतो. ते आवक-जावक विभागात होते. बाहेरून आलेल्या कागदाला आवक क्रमांक द्यायचा, त्याचं उत्तर गेलं की जावक क्रमांक द्यायचा, आणि आलेला एकही कागद उत्तराशिवाय राहू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. बाकीचे लोक हे काम करत. नाना तसेच जगत. त्यांना “नमस्कार नाना” म्हटलं तर ते “पुढे?” म्हणून विचारत. “बरं आहे” म्हटलं तरी “पुढे?” भाजीवालीने एकदा पावशेर मिरच्यांची चिठ्ठी दिली, तीवर नुसता आकडा होता, रुपये लिहिलं नव्हतं. नाना अहिराणीत तिच्यावर ओरडले, “पुरं लिख ना बाई! हात दुखस का तुना?” ती म्हणाली, “नाना, तुमीच लिखा, मी तवलोंग दुसरं गिऱ्हाइक दखस.” आणि नानांनी खरंच तिच्या सगळ्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. अर्धा तास लागला.

कचेरीत एक नवे साहेब आले होते. फाइलवर ते इंग्रजीत ‘प्लीज स्पीक’ असं आखूड करून लिहीत, म्हणजे येऊन बोला. असा शेरा घेऊन नाना गेले, बोलले, परत आले आणि त्याच फाइलवर त्यांनी पूर्ण इंग्रजीत लिहिलं की आपल्या सूचनेनुसार अकरा वाजून दहा मिनिटांपासून अकरा पंचवीसपर्यंत बोललो, आपण अमुक म्हणालात, मी तमुक म्हणालो, मध्ये आपण चहा मागवला, नंतर असं ठरलं. दीड पान झालं. साहेब भडकले. “मी तोंडी बोलायला बोलावलं होतं!” नाना म्हणाले, “आपण लिहून बोलावलं होतं, साहेब.” वर्षभराने त्या फाइलची चौकशी झाली. त्या दीड पानामुळे साहेब सुटले असं काही जण म्हणतात, त्याच दीड पानामुळे अडकले असंही काही जण म्हणतात. मला एवढंच माहीत आहे की त्यांची धुळ्याला बदली झाली आणि जाताना त्यांनी नानांना एक शर्टपीस दिला. तो राग होता की आभार, ते मला कळलं नाही. नानांनी शर्टपीसची पोच लिहून दिली.

निवृत्तीनंतर त्यांना मुलाने स्मार्टफोन घेऊन दिला आणि आम्ही त्यांना कॉलनीच्या ग्रुपमध्ये घेतलं. आमची घरं चोवीस, ग्रुपमध्ये माणसं एकेचाळीस. वाढदिवसाला तीन अक्षरं, आभाराला तीन, सकाळी दोन, कोणी वारलं तर तीन. मला यात काही गैर वाटत नव्हतं, आजही पूर्णपणे वाटत नाही. लिहिणाऱ्याचा वेळ वाचतो, वाचणाऱ्यालाही कळतं, मग अडतं कुठे? मी एकदा हे नानांना स्पष्ट विचारलं होतं.

“कळतं,” ते म्हणाले. “पण सांगितलेलं नसतं.”

“कळलं म्हणजे सांगितलंच ना?”

“मग अक्काला विचारा. अडतीस वर्षांत तिला माझं सगळं कळतं. मी काही सांगितलंय का?”

आतून अक्का म्हणाल्या, “एकदा पण नाही.”

हे त्यांच्या बाजूचं उत्तर होतं की विरुद्ध, मला समजलं नाही. ते त्यांनाही समजलं असावं असं वाटलं नाही.

कॉलनीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे, ते चालवणाऱ्यांना आम्ही शेठ म्हणतो. मूळचे राजस्थानकडचे, तीन पिढ्या इथेच. शेठचे वडील वारले तेव्हा ग्रुपवर तीन अक्षरांचे एकतीस मेसेज आले. त्यातला एक माझा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना घरी स्वतः आखलेलं जावक रजिस्टर घेऊन दारात उभे.

“काल तुम्ही शेठच्या वडिलांबद्दल तीन अक्षरं पाठवलीत. तुम्हाला काय म्हणायचं होतं?”

“म्हणजे? तेच. आत्म्याला शांती मिळो.”

“ते त्या तीन अक्षरांत आलं. पुढे?”

मी त्या गृहस्थांना दहा वर्षं रोज बघत होतो. पांढरी टोपी, गल्ल्यामागे खुर्ची. पण सांगण्यासारखं एकही वाक्य सापडेना. “नाना, तसं काही विशेष नाही,” मी म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं आणि ते पुढच्या घरी गेले. एकतीस घरं नव्हती, पण एकतीस माणसं त्यांनी गाठली. दोन दिवस लागले.

मग ते सगळं स्वच्छ इंग्रजीत उतरवून शेठच्या दुकानात घेऊन गेले. मी तिथे तूरडाळ घ्यायला उभा होतो, हा योगायोग. शेठ कागद बघून म्हणाले, “नानाजी, एवढी इंग्रजी मला कुठे येते? तुम्हीच वाचा, मराठीतून सांगा.”

“मग मराठीतच का नाही लिहिलं?” गिऱ्हाइकांतल्या एकाने विचारलं.

“मूळ संदेश इंग्रजीत होते. उत्तर मूळ भाषेतच जातं,” नाना म्हणाले आणि वाचू लागले. क्रमांक एक, अमुक बाई: त्यांच्या मुलाला ते नेहमी शेंगदाण्याची मूठ जास्त द्यायचे. क्रमांक दोन, अमुक गृहस्थ: एकदा त्यांच्याशी उधारीवरून भांडलो, माफी मागायची राहिली. असं करत क्रमांक सतरा आला, तो माझा. नाना म्हणाले, “यांचं निरंक.”

सरकारी भाषेत निरंक म्हणजे काहीही नाही. माझ्या कामात मी हा शब्द दिवसातून दहा वेळा लिहितो. त्या दिवशी दुकानात तो ऐकताना मला पिशवी कुठे ठेवावी ते कळेना. शेठ मात्र माझ्याकडे बघून म्हणाले, “चालतं हो भाऊ, तुम्ही निदान खरं सांगितलं.” डाळीचे पैसे देताना मी सुटे मोजायला चुकलो.

मी चिडून नानांच्या घरी गेलो. म्हटलं, “तुम्ही आम्हाला आखूड लिहू नका म्हणता, आणि तुमच्या स्वतःच्या मराठी पत्रात काय असतं? सा. न. वि. वि. हे कोणत्या पूर्ण शब्दांत बसतं? ता. क. काय असतं?”

नाना हसले. “मराठी घरची आहे. घरात माणूस बनियनवर बसतो. इंग्रजी पाहुणी. पाहुण्यासमोर शर्ट घालावा लागतो.”

हे मला पटलं. पण पुढच्याच आठवड्यात त्यांनी आमच्या मुलीला उलटं सांगितलं, की मराठीत मनातलं सगळं लिहावं, इंग्रजीत कामापुरतं. मुलगी बारावीला होती. ती म्हणाली, “पप्पा, नाना आजोबांचा नियम कोणता ते एकदा विचारून ठेवा, मी तो पाळते.” मी विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट. त्यांचा फोन अडकला म्हणून अक्कांनी मला बोलावलं होतं. फोन सुरू झाला तेव्हा त्यांच्या मुलाचं पान उघडं होतं. सुरतेहून रोज सकाळी मुलाची दोन अक्षरं, गुड मॉर्निंगची. खाली नानांचीही तीच दोन अक्षरं. मी बोटाने वर सरकवत गेलो. पूर्ण चार महिने तेच. कुठे एक शब्दही जास्त नाही. असं दुसऱ्याचं बघू नये, पण बघितलं.

“नाना, हे काय?”

त्यांनी फोन घेतला, स्क्रीन बंद केली. “तिथे पूर्ण लिहायला गेलो तर फार लिहावं लागेल,” ते म्हणाले. “पुढे?” असं मी विचारू शकलो असतो. विचारलं नाही.

आता त्या पत्राचं. रविवारी ते गेलं. बुधवारी, गुरुवारी भावाचा काहीच निरोप नाही, म्हणून मला वाटलं पत्र पोचलं नाही, आणि बरं वाटलं. अकराव्या दिवशी दुपारी रिक्षा दारात थांबली. भाऊ उतरला, मागून आई. सामान दोन पिशव्या, एक पत्र्याची पेटी आणि आईच्या मांडीवर झाकण घट्ट लावलेला स्टीलचा डबा. त्या डब्यात तिचे देव होते. आई चार दिवसांसाठी कुठे जाते तेव्हा देव शेजारच्या बाईंकडे पूजेला ठेवते. देव घेऊन निघाली म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. माझ्या बायकोने आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बस चांगली मिळाली,” भाऊ म्हणाला. “आईला तिकीट नाही, पंच्याहत्तरीच्या पुढची. माझंच तेवढं.” मग बायको पाणी आणायला आत गेली तसा तो हळू आवाजात म्हणाला, “भाऊ, तुझा नुसता ‘के’ आला ना, तेव्हा मी आईला सांगितलंच नव्हतं. वाटलं तू चिडलास. आमच्या पोरांत ‘के’ रागावल्यावर पाठवतात. म्हटलं राहू दे, भाऊच्या घरी नसेल जमत. मग तुझं पत्र आलं.” त्याचे डोळे भरले होते. खिशातून त्याने पत्र काढलं. घडीवर ते फाटायला आलं होतं.

आई म्हणाली, “कितलं चांगलं लिखं रे भाऊ तू! मी याले दोनदा वाचाले लावं.”

मी पत्र तेव्हा पहिल्यांदा वाचलं. इंग्रजी सोपं नव्हतं, पण समजलं. आई येणार याचा मला आनंद आहे. ती काही दिवसांसाठी नाही, तिला वाटेल तितके दिवस राहील. खालची खोली, जिला पूर्वेला खिडकी आहे, ती तिची. तिला न्यायला मी स्वतः यायला हवं होतं. वडील गेल्यापासून सहा वर्षं तू आणि तुझ्या बायकोने तिला सांभाळलंत, ते मी कधी बोललो नाही. आता हा मान मला मिळावा. खाली माझी सही. सही माझीच होती, शेवटचा फाटा जरा जास्त वर गेलेला.

नाना म्हणून कोणी आहेत, हे भावाला सांगितलं नाही. भाऊ संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

रात्री जेवणं झाल्यावर आई खालच्या खोलीत झोपली. ती खोली मुलीच्या अभ्यासाची. बायकोने विचारलं, “अहो, ते पत्र कोणी लिहिलं?”

“मी. म्हणजे सही माझी.”

“मी वाचलं. त्यात मान म्हणून ‘प्रिव्हिलेज’ शब्द आहे. तो तुम्हाला येत नाही.”

मी सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “आई आल्या याबद्दल माझी तक्रार नाही. त्या सहा वर्षं तिकडे होत्या, आपली पाळी होतीच. पण गॅसच्या पावतीवर सही करताना तुम्ही चष्मा लावता. आणि माझं घर देऊन टाकताना नाही? मला एका शब्दाने विचारलं नाहीत. तुम्ही मनातून हे म्हणत होतात की नव्हतात, तेवढं सांगा.”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मला घेऊन नानांकडे गेली. नाना ओट्यावर बसले होते. तिने विचारलं, “नाना, तुम्ही यांच्या मनातलं लिहिलंत की तुमच्या?”

“ताई, त्यांनी सही केली, म्हणजे त्यांच्या मनातलं,” नाना म्हणाले. “आणि चुकलं असेल तर सोय आहे. शुद्धिपत्रक काढू.”

शुद्धिपत्रक म्हणजे निघालेल्या आदेशातली चूक दुरुस्त करणारा कागद. नानांनी खणातून नवं आंतरदेशीय काढलं, वर भावाचा पत्ता घातला, तारीख घातली. मग इंग्रजीत लिहिता लिहिता मराठीत मोठ्याने बोलू लागले: “आमच्या मागील पत्रात ‘तिला वाटेल तितके दिवस’ असा जो मजकूर आहे, त्याऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे...” पेन थांबलं. “हं, हिशेबनीस. आकडा सांगा.”

“कसला आकडा?”

“दिवसांचा. तुम्ही आकड्यांचे माणूस. सोपं आहे.”

मी खरोखर आकडा शोधू लागलो. पंधरा म्हटलं तर मुलीच्या परीक्षेआधी तिची खोली मोकळी होते, हिशेबाला बरोबर. तीस म्हटलं तर महिना, तोंडात बसतो, भावालाही वाईट वाटणार नाही. नव्वद म्हटलं तर उन्हाळा इथे, पावसाळा तिकडे, आणि वर्षाला दोन फेऱ्या. प्रत्येक आकड्याला कारण होतं. पण तो कागद धुळ्याला जाईल, भाऊ तो फोनवरून आईला वाचून दाखवेल, दोनदा, हे डोळ्यांपुढून हलेना. घशाशी आलेला पंधरा मी दोनदा गिळला.

“माणसाला असं विचारू नये हो,” अक्का आतून म्हणाल्या.

“मी कुठे भाग पाडतोय? ‘के’ पाठवताना पण त्यांच्या मनात काहीतरी आकडा असेलच. तोच लिहायचा आहे.”

होता का? मी आठवून बघितलं. त्या रविवारी माझ्या मनात आकडा नव्हता. त्या क्षणी माझ्या मनात विजेचं बिल होतं. पण हे लिहून घ्या, असं मी नानांना कसं सांगणार?

मी घड्याळ बघितलं नाही. शेवटी बायको उठली. “नाना, ठेवा तो कागद,” ती म्हणाली. “आईंनी सकाळीच स्वयंपाकघराच्या कोनाड्यात देव मांडलेत. माझी मिरच्यांची बरणी काढून खाली ठेवली. आता आकडा काय विचारता.”

हे ती रागाने म्हणाली की कसं, मला समजलं नाही. वाटेत विचारलं तर म्हणाली, “मलाही आकडा सांगता येत नाही.” नानांनी आमच्यामागे तो कागद रजिस्टरला जोडला आणि समोर ‘रद्द’ लिहिलं, असं अक्कांनी नंतर सांगितलं.

त्यानंतरही मी बऱ्याच वेळा विचार केला. मी आईला आणलं ते त्या एका अक्षराने, सहीने, की आकडा न सांगितल्याने? नाना बरोबर होते असं धरलं, तर त्यांनी माझ्या मनात नसलेलं माझ्या नावावर लिहिलं. चूक होते असं धरलं आणि ते पत्र गेलंच नसतं, तर आई अजून धुळ्यात असती आणि मी चिडलो आहे असं समजून भाऊ गप्प बसला असता. दोन्ही बाजूंची बेरीज मला एक येत नाही. मी अजूनही आखूडच लिहितो. फक्त भावाला काही लिहायचं असलं की आता फोन करतो, आणि फोनवरही मला फारसं बोलता येत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आई खालच्या बाथरूममध्ये घसरता घसरता वाचली. नळाला धरून उभी राहिली आणि कोणाला सांगितलं नाही. बायकोनेच पाहिलं. मी प्लंबर बोलावला. त्याने बघितलं आणि सांगितलं, उकिडवं बसायचं भांडं काढून कमोड लावावा लागेल, सामान सहा हजार आठशे, मजुरी दोन हजार दोनशे. आधाराच्या दांड्या दोन, त्या सामानातच. 

“साहेब, दांड्या चिकटवायच्या पण मिळतात,” तो म्हणाला. “पाहुणे गेले की काढून ठेवता येतात. भिंतीत बसवायच्या तर टाइल फोडावी लागेल, तीनशे वाढतील.”

बायको दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

“भिंतीत बसव,” मी म्हणालो.

काम दीड दिवस चाललं. एकूण नऊ हजार तीनशे रुपये, प्लंबरला, रोख दिले. पावती घेतली, चष्मा लावून वाचली, मग सही केली.